खाली पडणं हेच माझं काम

मित्रांनो, मी एक जुनी काचेची गोळी आहे. औषधाची नव्हे, बंदुकीची तर नव्हेच, आणि कृपा करून मला गोटीही म्हणू नका. गोटी म्हटलं की माझं डोकं फिरतं. गोल वस्तूला डोकं कुठून आलं, असा प्रश्न तुमच्यापैकी कुणाला पडला असेल तर त्यानं तो मनातच ठेवावा. मी आधीच वैतागलेली आहे.

मी वाटाण्याएवढी आहे, काळीभोर आहे आणि गोल आहे. आता तुम्ही म्हणाल, गोल असण्यात काय मोठं? लाडूही गोल असतो. हे ऐकून ऐकून माझे कान किटले. लाडू एकदा आडवा मोजा, एकदा उभा मोजा आणि मग माझ्याशी बोलायला या. मला कुठूनही धरून मोजा, माप तेच येणार. केसाच्या जाडीचाही फरक सापडायचा नाही. असं होण्यासाठी काय काय सोसावं लागतं ते माझं मला ठाऊक, म्हणून सुरुवातीपासूनच सांगते.

चिंचवड स्टेशनाच्या पलीकडे, रुळांच्या कडेला हिंदुरावांची पत्र्याची शेड होती. हिंदुराव मूळचे साताऱ्याकडचे. तळेगावच्या काचकारखान्यात काम शिकून त्यांनी इथं स्वतःचा पसारा मांडला होता. पसारा म्हणजे काय, तर एक भट्टी, थोडी यंत्रं आणि हाताखाली मोजकी माणसं. देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. पिंपरीकडे मोठे कारखाने उभे राहत होते. जो तो म्हणायचा, आता सगळं विलायतेहून कशाला मागवायचं, आपण इथंच करू. हिंदुरावांनी मनाशी ठरवलं की आपण काचेच्या गोळ्या करायच्या.

झालं! आजूबाजूच्या लोकांना थट्टेला विषय मिळाला. येणारा-जाणारा शेडच्या दारात थांबून विचारायचा, "काय हिंदुराव, पोरांना वाटायला गोट्या करताय जणू?"

"आरं बाबांनो, पंपात बसवायच्या हायत त्या!" हिंदुराव कपाळावर हात मारून सांगायचे. "ॲसिड लोखंडाला खातं, पितळंला खातं. काचंला त्याचं काय चालत न्हाई. म्हणून ॲसिडच्या पंपात गोळी काचंची लागती."

त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. पंपानं ओढलं की गोळी उचलली जाते आणि ॲसिड पुढे जातं. ओढणं थांबलं की गोळी खाली बसते आणि परतीची वाट बंद करते. गोळी जराही वाकडीतिकडी असली तर ती नीट बसत नाही आणि ॲसिड मागे गळू लागतं. पण हे एवढं समजून घ्यायला दारातल्या माणसांना सवड कुठे होती? ते हसून निघून जायचे.

माझा जन्म काळ्या काचेच्या एका कांडीतून झाला. भट्टीत लाल झालेल्या कांडीचे तुकडे पाडले, ते ओबडधोबड तुकडे म्हणजे आम्ही बहिणी. मग आम्हाला मुरारीच्या हवाली करण्यात आलं. मुरारी मोशीचा. इंद्रायणीकाठची घरची शेती थोरला भाऊ बघायचा आणि हा रोज सायकल मारत चिंचवडला कामाला यायचा. हसरा, बडबड्या आणि कामाला चिकट. त्याच्या चिकटपणाचा त्रास आम्हालाच भोगावा लागला.

खाली एक बिडाची तबकडी, वर एक बिडाची तबकडी आणि मध्ये आम्ही. वरून कुरुंदाची खरखरीत पूड आणि पाणी. वरची तबकडी गरगर फिरायची आणि आम्ही तिच्याखाली गडगडत राहायचो. मित्रांनो, आईनं आंघोळीच्या वेळी जरा पाठ घासली तर तुम्ही घर डोक्यावर घेता. आम्हाला दिवसेंदिवस घासलं! आता संपलं असेल असं वाटावं, तोच मुरारी आम्हाला उजेडात धरून बघायचा आणि म्हणायचा, "आजून जरा." त्याचं हे 'आजून जरा' काही केल्या संपायचं नाही. खरखरीत पूड झाली की बारीक पूड, बारीक झाली की त्याहून बारीक, आणि शेवटी लाल मातीसारखी एक मऊ भुकटी. तिनं घासल्यावर आम्हाला चकाकी आली.

त्यानंतर परीक्षा. हिंदुराव मायक्रोमीटरच्या चिमटीत एकेकीला धरायचे. जिच्यात खोट निघेल ती परत भट्टीत. मला त्यांनी उलटं धरलं, सुलटं धरलं, चष्मा पुसला आणि पुन्हा धरलं. मला वाटलं, आता माझीही गत तीच होणार.

"मुरारी, हिच्यात खोट न्हाई रं," ते म्हणाले.

"आन् निघंल कशी, मालक? मी घासलीया," मुरारी छाती काढून म्हणाला. "ही गोळी खोटं बोलायची न्हाई."

हे वाक्य त्याचं त्यालाच फार आवडलं. शेडमध्ये कुणीही आलं की तो मला तळहातावर घेऊन तेच ऐकवायचा. त्या वेळी मलाही गुदगुल्या व्हायच्या. स्तुती कुणाला आवडत नाही? पण त्याच वाक्यानं पुढे माझ्या जिवाला केवढा घोर लावला ते ऐकाल तर तुम्हीही चिडाल.

मी पंपात जायची असंच ठरलं होतं. पण त्याच सुमारास बबनराव डॉक्टर शेडमध्ये आले. चिंचवड गावठाणात त्यांचा लहानसा दवाखाना होता. मोजक्या खाटा, एक नर्सबाई, एक शिपाई. त्यांच्याकडे एक उपकरण होतं. ज्या आजाऱ्याला श्वास पुरत नाही त्याला सिलिंडरमधून प्राणवायू देतात, तो किती जातो आहे हे दाखवणारं. एक उभी काचेची नळी, मागे पत्र्याची पाटी, नळी खाली अरुंद आणि वर थोडी रुंद, तिच्यावर आकड्यांच्या रेघा आणि तिच्या आत एक गोळी. ती विलायती गोळी पडून तिचा टवका उडाला होता. नवी मागवायची तर आगबोटीची वाट बघत बसावं लागणार होतं.

"खालून प्राणवायू आला की गोळी वर चढते," डॉक्टरांनी समजावून सांगितलं. "जास्त आला तर जास्त वर. तो कमी झाला की गोळी खाली येते आणि थांबला की तळाला जाऊन पडते. नर्सला लांबून एका नजरेत कळलं पाहिजे. गोळी अडखळता कामा नये."

"ही घ्या," मुरारीनं लगेच मला पुढे केलं. "काळी हाय, लांबनं दिसंल. आन् खोटं बोलायची न्हाई."

अशी मी दवाखान्यात आले. नळीत बसले, वारा आला, वर चढले आणि रेघेवर येऊन तरंगत उभी राहिले. डॉक्टर खूश झाले. "विलायतेच्या तोडीची आहे!" ते म्हणाले. मला वाटलं, आता तरी आपल्याला कुणी गोटी म्हणणार नाही. तेवढ्यात दवाखान्यातला शिपाई कोंडाजी पुढे आला. नळीला डोळा लावून त्यानं मला न्याहाळलं आणि हळहळून म्हणाला, "एवढा झ्याक काळा मणी, आन् भोक पाडायचं राहिलं व्हय?"

काय बोलायचं सांगा!

पण खरा वैताग वेगळाच होता. मी वर चढले की आजाऱ्याच्या नातेवाइकांचे चेहरे खुलायचे. कुणी कुणी तर मला हात जोडायचे. आणि मी खाली आले की तेच लोक माझ्याकडे अशा नजरेनं बघायचे की जणू मीच प्राणवायू गिळून टाकला! अहो, वर चढण्यात काय कर्तबगारी आहे? वाऱ्यानं पाचोळाही वर चढतो. माझं खरं काम वेळेवर खाली पडण्याचं. मी पडले म्हणजे समजायचं की सिलिंडर संपला, उठा, दुसरा लावा. पडून मी माणसाचा जीव वाचवते. पण पडणाऱ्याचं कौतुक करायची रीत या जगात नाही.

त्यातून सगळी भिस्त माझ्या एकटीवर. सिलिंडरच्या डोक्यावर एक घड्याळासारखी तबकडी होती, आत किती प्राणवायू शिल्लक आहे ते दाखवणारी. तिचा काटा कधीचा अडकून बसला होता. तिला कुणी काही म्हणायचं नाही. "गोळी आहे ना," असं म्हणून सगळे पुढे जायचे.

फक्त नर्स इंदुताई मला बरी वागवायच्या. त्या कडक होत्या. येता-जाता एक नजर माझ्याकडे टाकायच्या आणि नळी बाहेरून कोरड्या फडक्यानं पुसायच्या. उघडायच्या मात्र नाहीत. "आत धूळ गेली तर गोळी अडखळेल," असं त्या कोंडाजीला बजावायच्या. कोंडाजी मान डोलवायचा. मान डोलवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

मग त्या वर्षीची खंडेनवमी आली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा करतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शेतकरी नांगराची करतो, सुतार करवतीची करतो. हिंदुरावांच्या शेडमध्ये तबकड्यांना झेंडूच्या माळा घालायचे. दवाखान्यातही कात्र्या, चिमटे, इंजेक्शनच्या पिचकाऱ्या पाटावर मांडून हळद-कुंकू वाहायची रीत होती. पूजेची सगळी तयारी कोंडाजीकडे. इंदुताईंनी त्याला सकाळीच सांगितलं, "सगळं बाहेरून पुसा आणि कुंकवाचं बोट लावा. काही उघडू नका." एवढं सांगून त्या आतल्या खोलीतल्या आजाऱ्याकडे गेल्या.

"सणाच्या दिशी वरवर पुसायचं, ह्ये काय बरं न्हाई," कोंडाजी स्वतःशीच पुटपुटला आणि त्यानं माझ्या नळीचं वरचं टोपण फिरवून उघडलं. मी त्याच्या तळहातावर पडले. इथवरसुद्धा मी सहन केलं असतं.

पूजेत आधी गणपती मांडतात. विड्याचं पान, त्यावर तांदूळ, तांदळावर गणपती म्हणून सुपारी. कोंडाजीनं पान मांडलं, तांदूळ घातले आणि सुपारीसाठी खिशात हात घातला. खिसा रिकामा! सुपारी सकाळीच त्याच्या तोंडात गेली होती. त्याला दिवसभर सुपारी चघळायची सवय, आणि पूजेची कुठली नि खायची कुठली याचं भान त्याला राहिलं नव्हतं. तो गाल चाचपत इकडेतिकडे बघू लागला. मग त्याची नजर माझ्यावर आली. मित्रांनो, त्या नजरेनं माझा थरकाप झाला.

"गोल हायेस, सोज्वळ हायेस," तो मोठ्या भक्तीनं म्हणाला. "आजच्या दिस तूच बस, देवा."

आणि त्यानं मला तांदळावर बसवलं. एवढ्यावर थांबेल तर तो कोंडाजी कसला? त्यानं मला पंचामृतानं न्हाऊ घातलं. दूध घातलं, दही घातलं, तूप घातलं, मध घातला, वर साखर चोळली. ज्या अंगावर कुरुंदाचा एक कण राहू नये म्हणून मुरारीनं जिवाचं रान केलं, त्या अंगावर साखर! मग कुंकू, मग अक्षता, मग झेंडूच्या पाकळ्या. डॉक्टर आले, आरती झाली आणि त्यांनीही मला मनोभावे हात जोडले. रोज मला बघणारा माणूस, पण फुलांखालचा गणपती कशाचा आहे, हे वाकून कोण बघतं? इंदुताईंनीही नमस्कार केला. मी आतल्या आत ओरडत होते, "अहो, मी आहे! मला धुवा!" पण काचेचा आवाज फक्त फुटताना येतो.

पूजा आटोपल्यावर कोंडाजीनं मला तांब्यातल्या पाण्यात बुडवलं, उपरण्याच्या टोकानं पुसलं, कपाळाला लावलं आणि नळीत सोडून टोपण बसवलं. वरून दिसायला मी लख्ख झाले होते. पण तूप आणि मध थंड पाण्यानं जातात का? तुमच्या आईला विचारा.

दुसऱ्या दिवशी दसरा. दुपारी मोशीहून एक बैलगाडी आली आणि तिच्यातून माणसांनी ज्याला उचलून आणलं तो मुरारी होता. माझा मुरारी. चार दिवस ताप अंगावर काढला होता आणि आता न्युमोनियानं त्याची छाती भरून आली होती. श्वास घेताना त्याच्या बरगड्या दिसायच्या. बरोबर त्याची बायको तानाबाई. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तोंडावर रबरी मुखवटा चढवला आणि इंदुताईंनी प्राणवायू सोडला.

मी हललेच नाही. तुपा-मधानं माझा पाय तळाला चिकटला होता. इंदुताईंनी सिलिंडरची चावी आणखी फिरवली तशी मी एकदम सुटून वर उडाले. त्यांनी चावी मागे घेऊन मला रेघेवर आणलं आणि थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या. मी तिथंच होते. त्यांना बरं वाटलं. मला मात्र कळत होतं की मी तरंगत नव्हते. मी नळीच्या भिंतीला टेकले होते, आणि खालून येणाऱ्या कोरड्या वाऱ्यानं माझ्या अंगावरचा मध सुकत चालला होता.

मुरारीला हळूहळू आराम पडला. त्यानं डोळे उघडले आणि मला ओळखलं.

"तानी," तो मुखवट्याआडून म्हणाला, "ती गोळी बघ. ती मी घासलीया."

"गप पडा जरा," तानाबाई म्हणाली, पण तिनंही माझ्याकडे कौतुकानं बघितलं.

मुरारीला बरं वाटतंय हे बघून डॉक्टर गावाबरोबर सीमोल्लंघनाला गेले. सोनं लुटून लगेच परततो म्हणाले. कोंडाजी दारात आपट्याची पानं वाटत उभा होता. इंदुताई आतल्या खोलीत दुसऱ्या आजाऱ्याजवळ होत्या. मधूनमधून दारातून डोकावायच्या, मी वर दिसले की परत जायच्या.

आणि सिलिंडर संपत आला.

मला ते सगळ्यांच्या आधी कळलं. पायाखालचा वारा पातळ झाला, मग नुसती झुळूक राहिली, मग तीही थांबली. माझी वेळ आली होती. ज्या एका कामासाठी मला तेवढं घासलं, मोजलं, निवडलं, ते काम आता करायचं होतं. पण मला पडताच येईना! अंगाला अंग चिकटावं तशी मी भिंतीला घट्ट चिकटले होते. खाली मुरारीची छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली आणि मी वर ऐटीत बसलेली, सगळं ठीक आहे असं सांगत.

"आवं, दम लागलाय का तुमास्नी?" तानाबाईनं विचारलं.

"न्हाई," मुरारी धापा टाकत म्हणाला. "गोळी... बघ की. वर हाय."

"तुमचं व्हट निळं पडल्यात!"

"हवा येतीया, तानी. ती गोळी... खोटं बोलायची न्हाई."

अरे मुरारी! अरे वेड्या! मी खोटं बोलत होते! तोंडावर मुखवटा तुझ्या, छाती तुझी, तडफड तुझी, आणि हवा येते की नाही हे तू मला विचारतोस? मित्रांनो, आयुष्यात मला गोटी म्हटलं, मणी म्हटलं, सुपारी केलं, ते सगळं मी गिळलं. पण त्या घटकेला मला जेवढा संताप आला तेवढा कधीच आला नाही. मला ज्यानं घडवलं तो माझ्यावरच्या विश्वासापायी माझ्या डोळ्यांदेखत गुदमरत होता, आणि हाक मारायलाही तयार नव्हता.

"जळली मेली ती गोळी!" तानाबाई ओरडली. "ओ बाई! इंदुताई! धावा!"

इंदुताई धावत आल्या. आल्या आल्या त्यांनीही आधी माझ्याकडेच बघितलं.

"प्राणवायू तर चालू आहे, तानाबाई. धीर धरा."

"धीर कसला धरू? ह्यांच्याकडं बघा की! आल्यापास्नं समदी तिच्याकडंच बघत्यात!"

इंदुताईंनी मान वळवली. मुरारीचं तोंड बघून त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी मुखवटा ओढून स्वतःच्या गालाला लावला. वारा नव्हता. त्यांनी बोटाच्या पेराचा एक जोरदार टोला नळीला हाणला.

आणि मी पडले. टक्कन तळाला जाऊन पडले. एवढं समाधान मला वर चढताना कधी झालं नव्हतं.

"कोंडाजी! दुसरा सिलिंडर!" इंदुताईंची हाक ऐकून आपट्याची पानं टाकून कोंडाजी आला. दोघांनी सिलिंडर ओढत आणला. पाना सापडेना, सापडला तर लागेना. तानाबाई मुरारीचं डोकं मांडीवर घेऊन त्याला हाका मारत होती. शेवटी सूं असा आवाज झाला. या वेळी इंदुताईंनी माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. वारा आधी गालावर घेतला, मगच मुखवटा मुरारीच्या तोंडावर ठेवला. मग मुरारीच्या ओठांवरचा निळा रंग हळूहळू ओसरला आणि तानाबाई तोंडात पदर धरून रडू लागली.

डॉक्टर परतले ते हातात आपट्याची पानं घेऊनच. घडलेलं ऐकून त्यांनी ती खिशात कोंबली. प्राणवायूची नळी थेट मुखवट्याला जोडली, मग माझं टोपण काढून मला चिमटीत धरलं आणि वास घेतला.

"हा मध कुठून आला?" ते म्हणाले.

कोंडाजी दाराला टेकून उभा होता. त्यानं सगळं सांगितलं. "देव म्हणून मांडलं व्हतं, सायेब. चांगलं व्हावं म्हणून."

"अरे, तुपाला दाबाचा प्राणवायू लागला की भडका उडतो! दवाखाना पेटला असता! आणि हा माणूस गेला असता तो वेगळाच!" डॉक्टरांचा आवाज चढला. मग ते थांबले आणि हळू म्हणाले, "मीही हात जोडले की तिला. बघायला नको होतं का मी?" कोंडाजी उपरण्यात तोंड खुपसून हमसू लागला. त्या उपरण्याला अजून माझ्यावरचं कुंकू लागलेलं होतं. मला त्याच्यावर कडकडून रागवायचं होतं. पण प्रेमापोटी चुकलेल्या माणसावर नीट रागावताही येत नाही, आणि याचाच मला जास्त वैताग येतो.

इंदुताईंनी मला गरम पाण्यानं धुतलं, स्पिरिटनं पुसलं, नळी धुतली, वाळवली आणि मला पुन्हा आत सोडलं. मी सरळ रेघेवर जाऊन तरंगत उभी राहिले. मुरारीनं डोळे उघडले, आणि विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पहिली नजर त्यानं कुणाकडे टाकली असेल? माझ्याकडे!

"गोळीची चूक न्हाई, डॉक्टर," तो पुटपुटला. "गोळी खरीच हाय. बघा, वर हाय."

मी कपाळावर हात मारला असता, पण कपाळ आहे तर हात नाही.

तानाबाई उठली. तिनं माझं उपकरण स्टँडसकट धरलं आणि फिरवून माझं तोंड आतल्या खोलीच्या दाराकडे केलं. मुरारीला आता फक्त उपकरणाची पाठ दिसत होती.

"अहो बाई, ते इकडून दिसायला हवं," डॉक्टर म्हणाले.

"इंदुताईंला दिसतंय न्हवं? बास झालं," तानाबाई म्हणाली. "त्या बघतील गोळीकडं. मी ह्यांच्याकडं बघते. आन् तुमी," ती मुरारीला म्हणाली, "तुमी माझ्याकडं बघा."

डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि स्टँड होता तसाच राहू दिला. दिवे लागले, बाहेर लोक एकमेकांना सोनं देत होते, आणि ती त्याच्या उशाशी बसून होती. तिनं त्याच्या तोंडावरची नजर हलवली नाही. जरा श्वास अडला की ती इंदुताईंना हाक मारायची आणि इंदुताई माझ्याकडे बघून मग त्याच्याकडेही बघायच्या. मुरारी जगला. पुढे बरा होऊन कामावरही गेला, आणि अजूनही माझ्या धाकट्या बहिणींना 'आजून जरा, आजून जरा' करत छळतो, असं ऐकते.

आता दवाखान्यात नवं उपकरण आलं आहे. मी कापसात गुंडाळून खणात पडलेली असते. मला तिथं ठेवल्याचं कुणाला आठवतही नसेल. तक्रार नाही, म्हणजे आहेच, पण ती आता जाऊ द्या. माझ्यासारख्या गोळ्या पुष्कळ ठिकाणी कामाला लागल्या आहेत आणि तुम्ही मोठे होऊन त्यांच्यासमोर उभे राहाल. त्यांना हार घालू नका, त्यांच्यावर मध ओतू नका आणि त्यांच्या पाया तर मुळीच पडू नका. त्यांना धुवा, पुसा, कोरडं करा, आणि त्या खाली पडल्या तर त्यांच्यावर डोळे वटारू नका. आणि मित्रांनो, एखादी गोळी कितीही ऐटीत वर उभी दिसली, तरी आधी खाटेवरच्या माणसाच्या ओठांकडे बघा.